ओ कोणी दिली?

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट जरा बरा केला असता.

जे घडलं ते माझ्या मामाच्या डोळ्यांदेखत घडलं. मामाचं नाव एर्मिलो सिम्ब्रोन. खोटं बोलायला लागते ती हुशारी त्याच्याकडे नव्हतीच. पत्त्यांत चांगलं पान आलं तरी त्याचे कान लाल व्हायचे. ही हकीकत त्याने मरेपर्यंत कितीतरी वेळा सांगितली, पण तिच्यात कधी काही वाढलं नाही की काही गळलं नाही.

भुतं रात्रीची येतात म्हणतात.

हे भर दुपारी झालं. एप्रिल महिना. पापान्तलाच्या पुढचं पालमार्सितोचं तेलक्षेत्र. डोक्यावर ऊन, आणि वारा पडलेला.

वारा पडलेला होता, एवढं लक्षात ठेवा.

त्याच जागेवर, आदल्या वर्षी, माझे वडील गेले होते.

त्यांचं नाव नाबोर. ते आणि मामा एकाच टोळीत खोदाईला होते. जमिनीत पुरलेले तेलाचे जुने पाइप सडले की ते उकरून काढायचे, वेल्डरला बसायला जागा करून द्यायची, काम झालं की माती लोटायची. मामा माझ्या आईचा, ओतिलियाचा भाऊ, आणि बाप्तिस्म्याला मला हातावर घेणाराही तोच. म्हणून ते दोघं एकमेकांना कंपाद्रे म्हणायचे. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वर धरतात. भाऊ भावाला एकवेळ सोडेल, कंपाद्रेने कंपाद्रेला सोडायचं नसतं.

त्या दिवशी बाबा खड्ड्यात होते आणि मामा वर.

सडक्या अंड्यांची घाण सुटली होती. बाबांनी ओला रुमाल नाकाला बांधला आणि खोदत राहिले. आमच्याकडे सगळे तेच करायचे. ओल्या रुमालातून काही आत येत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

मग बाबांनी रुमाल खाली ओढला. वर बघून हसले.

"गेला वास, कंपाद्रे. ये खाली."

आणि गुडघ्यात मोडले...

ओरडणं नाही. धडपड नाही. फावडं पडल्याचा तेवढा आवाज झाला.

मामा उडी टाकणारच होता. कास्तुलो मुकादमाने मागून त्याचा पट्टा धरला, त्याला आडवा पाडला आणि सरळ छातीवर बसला.

"एकाचे दोन करू नकोस, गाढवा!"

मुकादमाचं बरोबर होतं. मागाहून इंजिनिअरनेही तेच सांगितलं. हा वायू थोडा असतो तेव्हा घाण येते. जास्त झाला की घाण यायचीच बंद होते. वायू कुठे जात नाही, माणसाचं नाक जातं.

पण गावाला इंजिनिअरशी काय देणंघेणं? नळावर बायका आईला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या, "कंपाद्रे वर उभा होता म्हणे. नुसता बघत होता." मामाच्या कानावर ते यायचं. तो मान खाली घालून निघून जायचा.

आईचं दुःख मात्र वेगळं होतं.

बाबांची सावली वर आली नव्हती.

आमच्याकडे माणूस असा अवचित गेला की देह उचलला तरी त्याची सावली पडल्या जागीच राहते. ती उचलून आणावी लागते. त्याच्या अंगातला शर्ट त्या मातीला लावायचा. तीनदा नावाने हाक मारायची, घरी चल म्हणायचं. मग शर्ट काखेत घालून, मागे न बघता घर गाठायचं. सावली आली असेल तर शर्ट जड लागतो.

आणि एक नियम. त्या हाकेला दुसऱ्या कोणी ओ द्यायची नाही. काही झालं तरी नाही.

ठेकेदाराने खड्डा दुसऱ्याच दिवशी बुजवला आणि भोवती तार ओढली. आई शर्ट घेऊन फाटकाशी गेली, तर तिला हाकलून दिलं. ती रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायची. मी तिच्या मांडीवर. घरभर व्हॅनिलाच्या शेंगा वाळत घातलेल्या, तिचा धंदाच तो. बाबा म्हणायचे, डोळे बांधून सोडलं तरी मी या वासावर घरी येईन.

कोणी येत नव्हतं.

मेलेलं माणूस घरात वावरलं तर भीती वाटते खरी. पण ते बाहेरच राहिलं, एकटंच, तर जीव तुटतो. आई त्या वर्षी नुसती वाळत गेली.

म्हणून त्याच जागी पाइप पुन्हा गळतोय असं कळलं, तेव्हा मामा आपणहून मुकादमाकडे गेला आणि काम मागून घेतलं.

आदल्या संध्याकाळी आईने बाबांचा निळा शर्ट घडी करून त्याच्या पिशवीत ठेवला.

"दादा, घेऊन ये त्यांना. पण खड्ड्यात पाय ठेवायचा नाहीस तू."

"मग शर्ट मातीला लागणार कसा?"

"ते तुझं तू बघ. मला दोघांचे शर्ट धुवायचे नाहीत."

मामाने शपथ घेतली.

कामावर जाताना तो चांगला लांब दोर घेऊन गेला. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला त्याने स्वतः गाठ मारली.

"गुरं बांधतोस की काय रे?" कास्तुलो मुकादम हसला.

"गुरंच आहोत," मामा म्हणाला. "वास मोजायचा मीटर साहेबांच्या गाडीत, आणि गाडी साहेबांच्या बुडाखाली. आपल्याकडे दोर आहे, तो तरी बांधू."

टोळीत एक नवा माणूस होता. गुमारो. तांपिकोकडचा, दोन पोरांचा बाप, बोलका. बाबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याची एक खोड होती. कोणालाही हाक मारा, ओ हाच द्यायचा. जेवायच्या वेळी तमाले वाटायला घेतले की नाव कोणाचंही निघो, "आलो, आलो!" करत हा सगळ्यांच्या पुढे. पहिल्या दिवशी राग आला सगळ्यांना, मग हसू यायला लागलं.

"अरे, मेलेल्याचं नाव घेतलं तरी तू पान मांडून बसशील!" मुकादम त्याला म्हणाला होता.

"मेलेला जेवतोय कुठे, साहेब? वाया कशाला घालवायचं?"

सगळे हसले. मामासुद्धा.

खड्डा माणसाच्या डोक्याच्या वर गेला, पाइपाची पाठ दिसायला लागली, तेव्हा ती घाण आली. सडकी अंडी. मामाने आरडाओरडा करून सगळ्यांना वर काढलं. मुकादमही या वेळी हसला नाही.

"वारा सुटेपर्यंत थांबू. जेवून घ्या," तो म्हणाला.

सगळे लांबच्या झाडाखाली गेले. गुमारोचं खाणं आधीच उरकलं होतं. तो मातीच्या ढिगाऱ्याला टेकून, टोपी तोंडावर घेऊन पडला. कमरेचा दोर सोडायचा कंटाळा केला होता त्याने.

खड्ड्याच्या काठावर जागा असा मामा एकटाच उरला.

त्याने पिशवीतून निळा शर्ट काढला. दुसऱ्या दोराला बांधला, आणि हळूहळू खाली सोडला. शर्ट तळाला टेकला. बाबा जिथे पडले होते, बरोबर तिथे.

मामाने आवाज लावला.

"नाबोर! चल घरी. इथे राहू नकोस."

झाडांवर किडे किर्र वाजत होते. एप्रिलमध्ये ते कान फुटेस्तोवर वाजतात.

"नाबोर! चल घरी. ओतिलिया वाट बघतेय."

किडे थांबले...

एकदम. सगळ्या झाडांवरचे.

मामाच्या अंगावर काटा आला, पण त्याला बरंही वाटलं. क्रेसेन्सिया मावशी, आमच्या गावात सावल्या उचलणारी बाई, म्हणायची की शांत झालं म्हणजे तो ऐकतोय.

मामाने तिसरी हाक मारली. त्याचा आवाज फाटला.

"नाबोर! चल घरी, कंपाद्रे!"

आणि...

"आलो, आलो!"

गुमारो. अर्धवट झोपेत. टोपीखालून.

झाडाखाली कोणीतरी खो खो हसलं. मग ज्यांना कळलं त्यांनी त्याला गप्प केलं. मुकादमाने छातीवर क्रॉस काढला.

मामाच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. त्याने भराभरा शर्ट वर ओढला. शर्ट हलका होता. वाळलेल्या शेंगेसारखा हलका.

"काय झालं?" गुमारो उठून बसला. "मला नाही का बोलावलं?"

"नाही रे, बाबा," मामा म्हणाला. त्याला रडू येत होतं. "तुला नाही."

"मग कोणाला?"

मामा सांगणार होता. तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला.

मोठा नाही. रोजच्या बोलण्यातला. जरासा हसरा.

"गेला वास, कंपाद्रे... ये खाली."

मामा म्हणायचा, पाय माझे होते पण माझं ऐकेनात. तेच शब्द. तोच सूर. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की खरंच घाण येत नव्हती. मघापासून त्याच्या नाकाला कसलाच वास नव्हता. मातीचा नाही. घामाचा नाही.

हा आवाज त्याला सावध करत होता, की बोलवत होता? मामाला ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्याला एवढंच कळलं, की तो आवाज आपण एकट्याने ऐकलेला नाही.

"कोण उतरलंय खाली?" गुमारोने विचारलं.

कोणीच उतरलं नव्हतं. टोळीतले सगळे झाडाखाली दिसत होते.

"गुमारो, इकडे ये. माझ्याकडे ये."

गुमारो शिडीकडे चालला होता. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. उशीर झालेल्या माणसाची घाई होती.

"आलो," तो म्हणाला. हळूच म्हणाला. "आलो, आलो..."

"गुमारो!"

दिसेनासा झाला तो. शिडी दोनदा करकरली. मग धप्प.

मामा काठावर गुडघ्यांवर आला. खाली गुमारो पडला होता. अगदी तसाच, त्याच कुशीवर. मामाला वर्षभराची ती कुजबूज ऐकू आली, कंपाद्रे वर उभा होता म्हणे, बघत होता. त्याने एक पाय शिडीवर टाकलासुद्धा.

मग त्याला आईचं बोलणं आठवलं. मला दोघांचे शर्ट धुवायचे नाहीत.

त्याने पाय काढला. गुमारोच्या कमरेचा दोर पकडला, स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळला, जमिनीवर बसून टाचा रोवल्या आणि बैलासारखा ओढायला लागला. ओरडत होता तो. बाकीचे धावत आले. सगळ्यांनी मिळून गुमारोला वर घेतला, ओढत लांब चढावर नेऊन टाकला. ओठ निळे. श्वास नाही. मामाने त्याच्या तोंडात तोंड घालून फुंकलं, छाती दाबली, शिव्या दिल्या.

गुमारोने श्वास घेतला.

लोक रडायला लागले. मुकादम म्हाताऱ्या बाईसारखा हुंदके देत होता.

गुमारोने डोळे उघडले. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मामापाशी थांबवली.

"थंडी वाजतेय, कंपाद्रे," तो म्हणाला. "माझा निळा शर्ट दे."

त्याच्या अंगात स्वतःचा शर्ट होता. पिवळा.

निळा शर्ट वर ओढला तेव्हाच मामाने पिशवीत कोंबला होता.

गुमारोला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, असा वायू डोक्यात गेला की माणूस काहीही बरळतो, मनावर घेऊ नका. असेल तसं. मी डॉक्टर नाही.

मामा शर्ट काखेत घालून, मागे न बघता, चालत घरी आला. क्रेसेन्सिया मावशी दारातच बसली होती. तिने शर्ट दोन्ही हातांवर घेतला, जरा वर-खाली केला.

"रिकामा आणलास," ती म्हणाली. मग मामाचा चेहरा बघून तिने विचारलं, "ओ कोणी दिली?"

मामाने सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली.

गुमारो वाचला. नाक तेवढं गेलं, कॉफीचासुद्धा वास येईना. दवाखान्यातून सोडलं तेव्हा त्याच्या खिशात तांपिकोच्या बसचं तिकीट होतं. तो बसमध्ये बसला नाही. कोणाला काही न विचारता, वळणं घेत, आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. आमचा कुत्रा परक्या माणसाची पोटरी फोडायचा. तो त्याच्या पायाशी लोळायला लागला.

गुमारोने डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"व्हॅनिला वाळतेय," तो म्हणाला.

आई मला कडेवर घेऊन दारात उभी होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पेपीता झोपत नाही का अजून रात्रीची?"

पेपीता म्हणजे भोपळ्याची बी. मी जन्मले तेव्हा एवढीशी होते, म्हणून बाबा मला तसं म्हणायचे. पाळणा हलवताना, कानात. बाहेर कोणासमोर नाही. मामालाही ते नाव माहीत नव्हतं.

ते ऐकून आईने मला छातीशी आवळलं. पण पुढच्याच क्षणी गुमारोचं तोंड कसनुसं झालं. "बाई, माफ करा," तो म्हणाला. "मी इथे का आलो, मला कळत नाही. माझी बायको तिकडे तांपिकोत आहे."

आई धावत क्रेसेन्सिया मावशीकडे गेली. त्याच्यातून सावली काढून शर्टात घेता येईल का, तिने विचारलं.

"येईल की," मावशी म्हणाली. "घरातल्याच्या नावाने तो हाक मारेल. त्या घरातल्याने ओ दिली, की सावली घरात. पण मग तो जगायचा नाही, पोरी. खड्ड्यातून ते दोघं एकमेकांना धरून वर आलेत."

आईने रात्रभर विचार केला. तिला नवरा हवा होता. कोणाला नको असतो? पण सकाळी ती मामाला म्हणाली, "त्याला बसमध्ये बसवून दे. त्याचीही दोन पोरं आहेत."

तेव्हापासून तो वर्षातून एकदा येतो. एप्रिलमध्ये. आई त्याला कुंपणाबाहेर खुर्ची द्यायची, कॉफी द्यायची. बाबांना लागायची तशी, गुळाचा खडा जास्त घालून. उंबऱ्याच्या आत तिने त्याला कधी घेतलं नाही, आणि कधी हाकलूनही लावलं नाही. मृतांच्या सणाला, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून, गावात प्रत्येक दारात झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आमच्या दारात कधी घातली नाही. कोणाला बोलवायचं?

मामा गेला. गेल्या पावसाळ्यात आईही गेली. जाताना तिने माझ्याकडून एकच शपथ घेतली. कोणती, ते तुम्हाला कळलंच असेल.

या एप्रिलमध्ये गुमारो आला. म्हातारा झालाय. बरोबर त्याचा मुलगा होता, हाताला धरून आणलं त्याने. "दरवर्षी हट्ट धरतात," मुलगा म्हणाला. मी खुर्ची ठेवली, कॉफी ठेवली आणि आत येऊन दार लावलं. आतमध्ये जमिनीवर, खाटांवर, सगळीकडे व्हॅनिला पसरलेली होती. वासाने डोकं जड झालं होतं.

त्याने हाक मारली.

"पेपीता!"

मी तोंडावर हात ठेवला.

"पेपीता!"

मला बापाचा आवाज आठवत नाही. तेवढी मोठी मी नव्हतेच. पण माझं सगळं अंग त्या हाकेकडे ओढलं जात होतं. एक शब्द, बाबा घरी. एक शब्द, आणि बाहेर तो मुलगा माझ्यासारखाच बिनबापाचा.

तिसरी हाक आली नाही.

मग दाराच्या अगदी जवळून, रोजच्या बोलण्यातल्या आवाजात, जरासा हसत कोणीतरी म्हणालं...

"गेला वास, पेपीता. ये बाहेर."

आणि घरभर पसरलेल्या व्हॅनिलाचा वास मला यायचा थांबला.

मी ओ दिली नाही. ते निघून गेले. वास दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला.

तिसरी हाक अजून बाकी आहे. पुढच्या एप्रिलमध्ये काय करेन, मला माहीत नाही.